दुर्बिणीचा कस

लहान दुर्बिणीच्या खोक्यावर बहुधा एक मोठा आंकडा ठळकपणें छापलेला असतो. ही दुर्बीण ४५० पट मोठें दाखविते, ती ६७५ पट. मुलाच्या हौशीखातर पैसे मोजणारा गृहस्थ साहजिकच मोठ्या आंकड्याची दुर्बीण उचलतो. घरीं आणून ती शनीकडे रोखावी, तों कड्याच्या जागीं एक थरथरणारा अंधुक ठिपका! वास्तविक नेत्रभिंग बदललें कीं हा आंकडा बदलतो. ६० मिलिमीटर व्यासाचें भिंग सुमारें १२० पटींपलीकडे ताणलें, तर प्रतिमा मोठी होते, पण तींत नवें कांहींच दिसत नाहीं. मग दुर्बिणीचा खरा कस कोणता, आणि तो सर्व जगांत एकच कां नसावा? श्रोतेहो, या प्रश्नाची हकीकत आज सांगावयाची आहे.

पहिला कस आकाशांतच सांपडला. विल्यम डॉज या इंग्रज धर्मोपदेशकास जोडताऱ्यांचा छंद होता. १८६७ सालीं त्यानें नियम दिला कीं, ४.५६ या संख्येस भिंगाच्या इंचांतील व्यासानें भागावें; उत्तर येईल तितक्या विकला अंतरावरचे दोन तारे त्या दुर्बिणींतून वेगळे दिसावेत. सहा इंची दुर्बिणीस हें अंतर सुमारें पाऊण विकला येतें. परंतु या परीक्षेंत रात्रीची हवा व पाहणाराचा डोळा हीं दोन्ही मिसळतात. केवळ कांचेची परीक्षा घेण्याची युक्ति पॅरिसच्या लेऑं फूकोनें त्यापूर्वींच, १८५८ सालीं, काढिली होती. अंतर्गोल आरशासमोर प्रकाशाचा एक सूक्ष्म बिंदु ठेवावयाचा, आणि आरशावरून परतून एकत्र येणारे किरण सुरीच्या पात्यानें हळूहळू कापावयाचे. आरसा निर्दोष गोल असेल तर तो सर्वत्र सारखा काळवंडतो. नसेल तर त्यावर टेकड्या आणि दऱ्या उठून दिसतात. चूक किती क्षम्य, हें १८७९ सालीं लॉर्ड रॅलेनें सांगितलें: पाव तरंगलांबीपर्यंत. आरशावर चूक दुप्पट होत असल्यामुळें त्याच्या पृष्ठभागास एक अष्टमांशाचीच मुभा. म्हणजे मिलिमीटरचे सुमारें १४,००० भाग केले तर त्यांतील एक!

एवढी सूक्ष्मता हौशी माणसाच्या हातून साधेल काय? अमेरिकेंतील व्हर्माँट राज्यांत स्प्रिंगफील्ड हें त्या काळीं यंत्रें बनविणारें गांव होतें. उत्तर ध्रुवाकडील मोहिमांत हिंडून आलेल्या रसेल पोर्टरनें तेथें १९२० सालीं कारखान्यांतील लोकांचा एक वर्ग भरविला. कांचेच्या दोन जाड चकत्या, मध्यें कुरुंदासारखी कठीण पूड आणि पाणी. वरची चकती मागेंपुढें घांसीत गेलें कीं ती आपोआप अंतर्गोल होत जाते. शेवटीं राळेच्या थरावर झिलई, आणि पावलोपावलीं फूकोचें तें पातें. मास्तरकी केलेल्या मला या वर्गाचें मोठें कौतुक वाटतें. परीक्षक आणि परीक्षार्थी एकच, तरी नक्कल करण्यास वाव नाहीं. १९२३ सालीं या मंडळींचें मंडळ झालें, १९२५ च्या नोव्हेंबरांत ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्यें अल्बर्ट इंगल्सनें त्यांच्याविषयीं लिहिलें, आणि हा छंद देशोदेशीं पसरला. पुढें पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेंतही हौशी लोकांकरितां अशीं शिबिरें भरलीं.

घोटाळा झाला तो बाजारांत. ‘एक दशांश तरंग’ अशी जाहिरात असते. पण तरंग लाल प्रकाशाचा कीं हिरव्या? चूक पृष्ठभागावरची कीं परतलेल्या प्रकाशांतली? शिखरापासून दरीपर्यंतची कीं वर्गमाध्यानें काढलेली? एकाच आरशास कोणी ‘पाव’ म्हणेल, कोणी ‘एक अष्टमांश’, तर कोणी ‘एक चतुर्दशांश’, आणि तिघेही खोटें बोलत नाहींत! युद्धोत्तर काळांत जपानी दुर्बिणींवर तपासणी झाल्याची चिठ्ठी लागत असे, पण ती व्यवस्था एका देशापुरती. १९४७ सालीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनें आपल्या १४१३२ क्रमांकाच्या मानकाच्या चौथ्या भागांत खगोलीय दुर्बिणीची परिभाषा ठरविली, आणि १४४९० मध्यें दुर्बिणींच्या परीक्षापद्धति. दर्जाच्या अपेक्षा सांगणारें १४१३३ मात्र द्विनेत्री व एकनेत्री दुर्बिणी, भूदृश्य दुर्बिणी आणि बंदुकीवरील दुर्बिणी यांकरितां आहे. शिकाऱ्याची सोय लागली, ताऱ्यांकडे पाहणारा शब्दकोशावरच राहिला! नेत्रभिंगाच्या नळीचा सव्वा इंच व्यास मात्र कोणत्याही सक्तीवांचून जगभर रूढ झाला. न बसणारी नळी गिऱ्हाईक तत्काळ परत करतो; सदोष कांच त्याच्या ध्यानांतही येत नाहीं.

ध्यानांत यावी म्हणून एक उपाय सांगतों. दुर्बीण तासभर उघड्यावर निवूं द्यावी, आणि डोक्यावरच्या एखाद्या तेजस्वी ताऱ्याकडे लावून मोठें वर्धन द्यावें. मग नेत्रभिंग किंचित् आंत व तितकेंच बाहेर सरकवावें. ताऱ्याभोंवतीं प्रकाशाचीं वर्तुळें दिसूं लागतील. दोन्ही बाजूंस तीं सारखीं व गोल दिसलीं तर कांच चांगली. एका बाजूस स्वच्छ आणि दुसऱ्या बाजूस विसकटलेलीं दिसलीं, तर खोक्यावर कांहींही छापलेलें असो, दुर्बीण दुकानदारास परत करावी.