केयाकीवरचे दिवे आणि बैलाची जीभ

जपानच्या ईशान्येकडील सेंडाई शहराची ओळख प्रवासी पुस्तिका दोन गोष्टींनी करून देतात: डिसेंबरमधला दिव्यांचा उत्सव आणि निखाऱ्यांवर भाजलेली बैलाची जीभ. दोन्हींना 'परंपरा' म्हणण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात जीभ १९४८ सालची, तर उत्सव १९८६ सालचा. परंपरा इतक्या अलीकडची असू शकते का, हा प्रश्न मनात घेऊन आम्ही एका डिसेंबरात जोझेंजी रस्त्यावर पोचलो.

हा रस्ता रुंद आहे. मधोमध पादचाऱ्यांसाठी झाडांखालचा मार्ग आणि दोन्ही अंगांना केयाकीचे उंच वृक्ष. केयाकी म्हणजे झेलकोव्हा, एल्मच्या कुळातले झाड. हिवाळ्यात पाने पूर्ण गळतात आणि फांद्या वर जाऊन पंख्यासारख्या उलगडतात, त्यामुळे दिवे लावायला याहून सोयीचे झाड शोधूनही सापडणार नाही. संध्याकाळी दिवे लागले की गर्दीतून एकच हुंकार उठतो. या साऱ्या थाटात मध्यमार्गावरचा एमिलिओ ग्रेको या इटालियन शिल्पकाराचा नग्न ब्राँझचा पुतळा थंडीत तसाच उभा असतो. त्याचे नाव 'उन्हाळ्याची आठवण'.

सेंडाईचे जुने बिरुद 'वृक्षांची नगरी'. सतराव्या शतकाच्या आरंभी दाते मासामुने या सरदाराने हे शहर वसवले आणि आपल्या सामंतांना वाड्यांभोवती झाडे लावण्यास उत्तेजन दिले, असे सांगतात. ती झाडी १० जुलै १९४५च्या मध्यरात्री अमेरिकी विमानांनी टाकलेल्या आगबाँबमध्ये शहराच्या मध्यभागासह जळाली. हजाराहून अधिक माणसे मेली. मासामुनेची समाधी आणि किल्ल्याचा महाद्वार हेही त्याच रात्री गेले. आज दिसणारे केयाकी १९५८पासून लावलेले आहेत. म्हणजे ज्या वृक्षांना पाहून पाहुणे 'प्राचीन' म्हणतात, ते आमच्या पिढीतल्या अनेकांच्या वयाचे आहेत.

जिभेची गोष्ट याच राखेतून निघते. केइशिरो सानो हे कोंबडीचे तुकडे भाजून विकणारे स्वयंपाकी. त्यांचा एखादा पदार्थ चालला की शेजारचे दुकानदार लगेच त्याची नक्कल करत. कोणाला सहज जमणार नाही असे काही शोधताना त्यांना एका पाश्चात्त्य पद्धतीच्या स्वयंपाक्याकडून बैलाच्या जिभेची माहिती मिळाली. युरोपीय पाककृतीत ती तासन्तास शिजवतात. सानोंनी ती पातळ कापून, मीठ लावून, मुरवून, कोळशावर भाजायची युक्ती काढली आणि १९४८ साली 'तासुके' हे दुकान थाटले. पदार्थाचे नाव ग्यूतान: 'ग्यू' म्हणजे गाय-बैल आणि 'तान' म्हणजे इंग्रजी 'टंग'. अर्धे नाव जपानी, अर्धे परके.

येथे एक दंतकथा आडवी येते. जेत्या अमेरिकी सैन्याने गुरे खाल्ली आणि जिभा व शेपट्या फेकून दिल्या, त्या गोळा करून सेंडाईकरांनी हा पदार्थ घडवला, असे मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. गोष्ट फार चांगली आहे, आणि आमच्या मते तिच्या लोकप्रियतेचे कारणही तेच: पराभूतांनी उच्छिष्टातून अमृत काढले, हे ऐकायला कोणाला आवडणार नाही? पण शहरातल्या ग्यूतान व्यावसायिकांची संघटनाच ती नाकारते. सैन्याचे मांस मायदेशातून कापूनच येत असे. सेंडाईत जिभा उरण्याचे कारण नव्हते. सानोंना चांगल्या जिभा मिळवण्यासाठी बरीच पायपीट करावी लागे. पराभवाची खूण शोधायचीच असेल तर ती ताटातल्या भातात आहे. ग्यूतानबरोबर आजही पांढरा भात नव्हे, जव मिसळलेला भात येतो, कारण तेव्हा तांदळाची टंचाई होती. सोबत शेपटीचे स्वच्छ सूप, खारवलेला कोबी आणि मिसोत मुरवलेली तिखट मिरची. वजडी आणि पाया मिटक्या मारत खाणाऱ्या मराठी माणसाला यात बिचकण्यासारखे काही नाही. आम्हांला तर ते सूप जिभेहूनही आवडले.

पदार्थ बराच काळ मद्यपींचा चखणाच राहिला. कामानिमित्त एकटे बदलून आलेले कारकून त्याची कीर्ती घरी घेऊन गेले. १९८२ साली तोहोकु शिंकानसेन सुरू झाल्यावर ती आणखी वेगाने पसरली. पण एका जनावराला जीभ एकच. मागणी वाढली तशी आयात वाढली आणि 'स्थानिक' पदार्थ मुख्यतः अमेरिकी जिभांवर जगू लागला. डिसेंबर २००३मध्ये अमेरिकेत गुरांचा मेंदूरोग आढळून जपानने आयात थांबवली, तेव्हा सेंडाईच्या भट्ट्यांवर संकट कोसळले. दर वाढले, ऑस्ट्रेलियाकडे वळावे लागले. स्थानिकतेचा अर्थ माल कुठून येतो हा नसून तो कापतो कोण आणि भाजतो कोण, हा आहे असे मानले तरच सेंडाईचा दावा टिकतो. आम्ही तो मान्य करतो.

दिव्यांकडे परत येऊ. १९८०च्या दशकाच्या आरंभी सेंडाईचा हिवाळा धुळीचा होता. बर्फासाठी चाकांना खिळे लावलेल्या मोटारी कोरडा रस्ता खरवडत आणि डांबराची पूड हवेत उडे. त्याविरुद्ध मियागी प्रांताने १९८५ साली देशात सर्वांत आधी नियम केला; पुढच्याच वर्षी नागरिकांनी वर्गणी काढून केयाकींवर दिवे चढवले. दोहोंत थेट कार्यकारणभाव आहे असे आमचे म्हणणे नाही, पण काळवंडलेल्या हिवाळ्याला कंटाळलेले शहर डोळ्यांपुढे येते. शिवाय विजेशी सेंडाईचे नाते जुनेच: १८८८ साली हिरोसे नदीकाठच्या सांक्योझावा येथे एका सूतगिरणीने पाण्यावर वीज निर्माण करून दिवे पेटवले, ती जपानी जलविद्युतीची सुरुवात मानली जाते.

खरी कसोटी ११ मार्च २०११ रोजी आली. बंदराजवळच्या गोदामात ठेवलेले उत्सवाचे लाखो दिवे त्सुनामीत गेले. त्या उन्हाळ्यात फुकुशिमाच्या अपघातामुळे वीज वाचवण्याचा सरकारी आदेश होता. मोठ्या ग्राहकांना पंधरा टक्के कपात सक्तीची होती. किनाऱ्यावर हजारो माणसे घर गमावून बसलेली. अशा वेळी झाडांवर दिवे लावणे हे औचित्याला धरून होते का? आमच्यापैकी एकाचे मत 'नव्हते' असेच राहिले आणि त्यावर आमचा वाद झाला. पण सेंडाईकरांनी उत्सव केला. टोकियोच्या ओमोतेसान्दो रस्त्याने, जिथे तशीच केयाकीची रांग आहे, आपले दिवे उसने दिले. डिसेंबर २०११मध्ये जोझेंजीवर लागलेल्या दिव्यांत ते पाहुणे दिवेही होते.

उत्सवात अनेक वर्षे एक रिवाज होता: संध्याकाळी ठरलेल्या वेळी सारे दिवे एकदम विझवायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा लावायचे. त्या मधल्या काळात रस्ता गप्प होतो, वरच्या फांद्या काळ्या दिसतात आणि पलीकडच्या गल्लीतून कोळशाचा धूर येतो.