तांबे-चयापचयाचे विकार आणि भूल

शरीराला तांबे लागते ते दिवसाला साधारण मिलिग्रॅमभर. जास्तीचे तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. ही वाट बंद झाली की ते यकृतात, मग मेंदूत, डोळ्यांत, मूत्रपिंडांत साठत जाते. विल्सनच्या आजारात असेच होते. किनिअर विल्सन यांनी १९१२ साली या आजाराचे वर्णन केले. त्याला कारणीभूत असणारे एटीपी७बी हे जनुक १९९३ साली सापडले.

महाराष्ट्रात तांब्याचा घाव बसला तो तान्ह्या मुलांवर. ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’मध्ये पोट फुगे, यकृत दगडासारखे लागे आणि बहुतेक मुले दगावत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व सहकारी आणि ब्रिटनचे स्टुअर्ट टॅनर यांनी १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये संशयाचे बोट ठेवले ते घरातल्या पातेल्यावर. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवून ठेवलेले वरचे दूध तांबे ओढून घेते, आणि बाळाला ते दूध जन्मानंतर लवकरच सुरू होई. भांडी बदलली तसा हा आजार दुर्मीळ झाला. एका पातेल्याचा माग काढून एवढी मुले वाचावीत, ही भारतीय बालवैद्यकाची मोठी कमाई आहे.  

तांबे साठून यकृत बिघडलेल्या रुग्णाला भूल देताना पहिली काळजी यकृताची. रक्त गोठण्याचे घटक आणि प्लेटलेट कमी असतील तर कण्यातली सुई धोक्याची ठरते. बाळाच्या यकृताचा तुकडा तपासायला काढतानाही हीच भीती असते. हॅलोथेन टाळतात. स्नायू शिथिल करायला अॅट्राक्युरियम वा सिसअॅट्राक्युरियम सोयीचे, कारण त्यांचे विघटन यकृतावर फारसे अवलंबून नसते. गिळायला त्रास असेल तर पोटातले फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. कंप, ताठरपणा असलेल्या रुग्णाला उलटीसाठी सर्रास दिले जाणारे मेटोक्लोप्रामाइड देऊ नये. ते मेंदूतील डोपामाइन अडवते आणि लक्षणे बळावतात.

विल्सनच्या रुग्णाचे चालू औषध मात्र अचानक बंद करायचे नाही. तांबे शरीराबाहेर काढणारे पेनिसिलामाइन जखम भरणे मंदावते म्हणून शस्त्रक्रियेच्या सुमारास त्याची मात्रा घटवतात. ते पूर्ण तोडले तर यकृत झपाट्याने निकामी होऊ शकते. या औषधाने क्वचित मायस्थेनियासारखा स्नायूंचा अशक्तपणा येतो. तेव्हा शिथिलकाचा परिणाम लांबतो, म्हणून तो मोजत राहावे लागते. रुग्णाच्या भावंडांचीही तपासणी झाली आहे का, हे विचारावे. आजार आनुवंशिक आहे.

मेंकेसच्या आजारात गणित उलटे: आतड्यातून तांबे शरीरात नीट पोचतच नाही. मुलग्यांना होणाऱ्या या विकाराचे वर्णन जॉन मेंकेस यांनी १९६२ साली केले. विरळ, पिळदार केस, आकडी, नागमोडी रक्तवाहिन्या आणि घसरणारे तापमान अशी ही मुले. त्यांची शीर सापडणे अवघड. आकडीची औषधे शस्त्रक्रियेच्या सकाळीही द्यावी लागतात आणि टेबलावर बाळाला गरम ठेवावे लागते.