दार कोणी ठोठवायचं?

गेल्या वर्षी माझी धाकटी बहीण इतिहासात एम.ए. करत होती. नव्या शैक्षणिक धोरणामुळे तिच्या पहिल्या वर्षाला 'ऑन जॉब ट्रेनिंग' नावाचा चार श्रेयांकांचा भाग आला. विभागाने तिच्या हातात एक छापील पत्र दिलं आणि सांगितलं, जागा तुमची तुम्ही शोधा. महिनाभर ती ते पत्र घेऊन ग्रंथालयं, संग्रहालयं, प्रकाशकांची ऑफिसं पालथी घालत होती. "इतिहासवाल्यांचं आमच्याकडे काय काम?" हे वाक्य तिने तीन ठिकाणी ऐकलं.

मी मोठ्या भावाला शोभेल असा सल्ला दिला. रेझ्युमे नीट कर, आत्मविश्वासाने बोल. ती म्हणाली, "दादा, तू किती दारं ठोठावली होतीस रे?"

एकही नाही. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्लेसमेंट सेल होता. कंपन्या आमच्याकडे आल्या. मी इस्त्रीचा शर्ट घालून सेमिनार हॉलमध्ये बसलो होतो, एवढंच माझं कर्तृत्व.

तिचा प्रश्न टोचत राहिला, म्हणून ही सोय मुळात आली कुठून ते वाचायला लागलो.

अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाचे इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते. 1906 साली त्यांनी 27 विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या. एक आठवडा एकजण वर्गात, दुसरा कारखान्यात. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. कारखानदाराला कामावर कायम माणूस मिळे आणि विद्यार्थ्याला पगार. पण त्यासाठी कारखानदारांना आधी राजी करावं लागलं, आणि ते काम विद्यार्थ्यांनी नव्हे, श्नायडर यांनी केलं.

ही झाली इंजिनिअरांची गोष्ट. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान शिकणाऱ्यांपर्यंत ही कल्पना नेली तीही एका इंजिनिअरनेच. आर्थर मॉर्गन पूरनियंत्रणाची कामं करत. स्वतःकडे कॉलेजची पदवी नव्हती. 1913 च्या महापुरानंतर ओहायोतल्या डेटन शहराच्या बचावाची धरणं त्यांच्या देखरेखीखाली उभी राहिली. 1920 साली ते जवळच्याच यलो स्प्रिंग्ज गावातल्या अँटिऑक कॉलेजचे अध्यक्ष झाले. कॉलेज तेव्हा डबघाईला आलेलं होतं. 1921 पासून त्यांनी तिथे नियम केला की विषय कोणताही असो, विद्यार्थी काही काळ शिकेल आणि काही काळ बाहेर नोकरी करेल. नोकऱ्या शोधायला, मालकांशी बोलायला कॉलेजने स्वतःची माणसं नेमली. 'कलाशाखेच्या मुलांचं आमच्याकडे काय काम', या प्रश्नाला उत्तर देण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर नव्हती.

इथवर वाचून मला मॉर्गनसाहेबांची आरती ओवाळावीशी वाटली. पण याच कॉलेजात 1945 साली अलाबामाहून कोरेटा स्कॉट नावाची मुलगी आली. पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी लग्न झाल्यावर जग तिला ओळखू लागलं. ती संगीत आणि शिक्षणशास्त्र शिकत होती. शिक्षिका होण्यासाठी सरकारी शाळेत सराव-अध्यापन करणं भाग होतं. ती कृष्णवर्णीय असल्यामुळे यलो स्प्रिंग्जच्या शाळांनी तिला घेतलं नाही. तिने कॉलेजच्या प्रशासनाकडे दाद मागितली. मॉर्गन तेव्हा अध्यक्षपदावरून केव्हाच गेले होते. उदारमतवादी म्हणवणाऱ्या कॉलेजने शाळांशी वाकडं घेतलं नाही. शेवटी तिने कॉलेजच्याच शाळेत सराव पूर्ण केला.

म्हणजे दार ठोठवायला संस्था असूनही भागत नाही. दार उघडलं नाही तर संस्था तिथे उभी राहते का, हा खरा प्रश्न. नाही राहिली, तर ज्याच्याकडे ओळखी नाहीत, ज्याचं आडनाव किंवा रंग समोरच्याला खटकतो, तोच बाहेर राहतो.

या गोष्टीचा एक धागा आपल्याकडेही येतो. 1948 साली डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला गेला. त्याच्या सदस्यांत हेच आर्थर मॉर्गन होते. अहवालातल्या ग्रामीण विद्यापीठांच्या कल्पनेवर त्यांची छाप आहे: अभ्यास आणि प्रत्यक्ष काम शेजारी शेजारी, दोन्ही अभ्यासक्रमाचेच भाग. सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी ते काम माझ्या बहिणीच्या अभ्यासक्रमात आलं. ते मिळवून देणारी माणसं मात्र आली नाहीत, छापील पत्र तेवढं आलं.

तिला जागा मिळाली ती एका निवृत्त सरांनी केलेल्या फोनमुळे. एका जुन्या ग्रंथालयात दाखलनोंदींच्या वह्या तपासून संगणकावर यादी करायची होती. कडेने फाटलेल्या पानांवरची मोडी अक्षरं लावण्यात ती अशी रमली, की ठरलेले तास संपल्यावरही जात राहिली. तिने सरांना विचारलं, ज्यांची तुमच्याशी ओळख नाही त्यांनी काय करायचं? सर काही बोलले नाहीत.

यंदा नवी तुकडी आली, तेव्हा तिने एका कागदावर यादी करून विभागात दिली: कुठे काय काम आहे, कोणाला भेटायचं, कोण दारातून परत पाठवतं. सात ओळींची यादी आहे. मी तिला ती स्प्रेडशीटमध्ये करून दिली आणि शेवटी एक रकाना वाढवला: 'विभागातून फोन कोणी करायचा?' तो अजून रिकामा आहे.