मुलूखमैदान तोफ ओढायला किती बैल लागतात?

परवा रात्री माझ्या गाडीपुढे उसाचा ट्रॅक्टर होता. मागे दोन भरलेल्या ट्रॉल्या. चढ लागला आणि ट्रॅक्टरची पुढची चाकं चक्क उचलली. म्हणजे काही क्षण स्टेअरिंग फक्त नावाला! मी मागे होतो, त्यामुळे जीव टांगणीला. आणि त्याच वेळी आठवली मुलूखमैदान तोफ.

ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला निजामशाहीसाठी ओतली गेली. ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी. लांबी साधारण साडेचार मीटर, वजन सुमारे ५५ टन. पुढे ती परंड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ मध्ये आदिलशाहीचे मुरार जगदेव ती विजापूरला घेऊन गेले. अंतर दीडशे किलोमीटरच्या वर, वाटेत भीमा नदी. ओढायला १० हत्ती, ४०० बैल आणि शेकडो माणसं होती असं सांगतात.

आता जरा हिशेब करू. एक बैल दिवसभर साधारण ३५ किलोचा जोर लावू शकतो. ४०० बैलांचे झाले १४ टन. कच्च्या सपाट वाटेवर ५५ टन हलवायला तीन ते पाच टन ओढ पुरते. मग एवढे बैल कशाला? कारण चिखल आणि चढ. चाक रुतलं की ओढ काही पटींनी वाढते. शिवाय ४०० बैल एकाच क्षणी जोर लावत नाहीत.

पण खरी गोची ओढण्यात नाहीच. दोर तुटला तर? उतारावर थांबवणार कोण? नदीचा तळ वजन पेलणार का? 'कडक बिजली' नावाची हिची जोडीदार तोफ नदी ओलांडताना बुडाली, असं सांगतात. बैल कितीही जुंपा, नदीच्या तळाची ताकद वाढत नाही.

आजही नियम तोच. इंजिन, हूक, पिन, टायर, ब्रेक, यातला सगळ्यात कच्चा दुवा जेवढं पेलेल, तेवढीच तुमची मर्यादा. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला बॉटलनेक म्हणतो. पण आमचा सर्व्हर पडला तर रीस्टार्ट होतो. चढावर पिन तुटली तर मागच्या दुचाकीवाल्याला रीस्टार्ट नाही.

ट्रॉलीत माल कुठे ठेवला, हेही तितकंच महत्त्वाचं. सगळं वजन मागच्या टोकाला गेलं तर ट्रॉली शेपटीसारखी डोलते. हूक जितका उंच, तितकी ट्रॅक्टर मागे उलटायची भीती जास्त.

गंमत बघा. २०१८ मध्ये केंद्र सरकारने मर्यादा वाढवल्यावरही ट्रेलरसकट एकूण वजनाची कमाल आहे ५५ टन. म्हणजे नुसत्या तोफेनेच कोटा संपला! आजही ती न्यायची तर खास अनेक चाकांचा ट्रेलर आणि वेगळी परवानगी लागेल.

१८५४ मध्ये इंग्रजांनी ही तोफ लिलावात अवघ्या १५० रुपयांना विकली होती, मग तो सौदा रद्द केला. तोफ स्वस्तच होती हो, वाहतूक कोण परवडवणार!

तर पुढच्या वेळी ट्रॉली जोडताना इंजिन किती ओढेल, हे नंतर विचारा. आधी पिन बघा. भेटू पुढच्या भागात!