मूल्य, किंमत आणि गरुड : ‘कॅन्यन’च्या संग्रहप्रवेशाचा इतिहास

कलाकृतीचा संग्रहालयातील प्रवेश ही बहुधा प्रशासकीय बाब समजली जाते आणि कलेतिहासात तिची दखल तळटीपेपुरतीच घेतली जाते. रॉबर्ट राउशेनबर्ग यांच्या ‘कॅन्यन’ (१९५९) या मिश्रमाध्यमातील कृतीचा इतिहास मात्र या प्रवेशाचा विचार केल्याशिवाय पूर्ण होत नाही.

चित्र आणि शिल्प यांच्या सीमेवरील अशा कृतींना राउशेनबर्ग ‘कम्बाइन’ म्हणत. ‘कॅन्यन’मध्ये कॅनव्हासवर कागद, कापड, आरसा इत्यादी वस्तू जोडलेल्या असून, पुढे पंख पसरलेला, पेंढा भरलेला खराखुरा गरुड आहे, खाली दोरीने बांधलेली उशी लोंबते. हात उंचावलेल्या बालकाचे छायाचित्र कलावंताच्या मुलाचे आहे. झ्यूस गरुडरूपाने गॅनिमीड या कुमाराचे हरण करतो, ही ग्रीक कथा आणि तिच्यावरील रेम्ब्रांटचे १६३५ चे चित्र यांच्याशी अभ्यासकांनी या रचनेचे नाते जोडले आहे. आशयसूत्राचा असा प्रवास तुलनाकारांच्या परिचयाचाच आहे.

हा गरुड सारी डिएनेस या कलावतीला टाकाऊ सामानात सापडला आणि तिने तो राउशेनबर्गना दिला. इलियाना सोनाबेंड या कलाव्यावसायिक महिलेने ही कृती १९५९ मध्येच विकत घेतली. तथापि, १९१८ आणि १९४० च्या अमेरिकी पक्षिसंरक्षक कायद्यांमुळे अशा पक्ष्याची विक्री निषिद्ध होती. १९८१ मध्ये ही बाब अधिकाऱ्यांच्या लक्षात आली. पक्षी १९४० पूर्वीच मारला गेला होता, असे लेखी निवेदन राउशेनबर्ग यांनी १९९८ मध्ये दिले. कृती जवळ बाळगण्याची मुभा राहिली. विकण्याची मिळाली नाही.

२००७ मध्ये सोनाबेंड निवर्तल्या. विक्रीच अशक्य असल्याने वारसांच्या मूल्यांककांनी कृतीची किंमत शून्य धरली. करखात्याने ती साडेसहा कोटी डॉलर ठरवून सुमारे २.९ कोटींचा कर मागितला. २०१२ मध्ये तडजोड झाली. वारसांनी ती न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टला दान केली, दानाबद्दलची करसवलत सोडली आणि कराची मागणी मागे घेण्यात आली.

या वादात दोन्ही पक्षांनी किंमतच मोजली. पण तुलनाकारासमोरचा प्रश्न वेगळा आहे. आशयसूत्राचा मागोवा घेताना आपण माध्यमाला केवळ वाहक मानतो. रेम्ब्रांटचा गरुड रंगाचा आहे, म्हणून तो विकता येतो. राउशेनबर्ग यांचा गरुड एके काळी जिवंत होता, म्हणून येत नाही. गरुड कशाचे प्रतीक आहे, हे कायद्याने विचारले नाही. तो कोणत्या काळी मेला, एवढेच विचारले. त्यामुळे १९९८ चे निवेदन हे हस्तलिखिताच्या पुष्पिकेसारखे कृतीच्या संहितेचाच भाग ठरते. स्वीकृतीच्या इतिहासात अशा दस्तऐवजांना स्थान न दिल्यास, विकता न येणारी ही कृती सार्वजनिक ठेवा कशी झाली, याचे उत्तर आपल्याला देता येणार नाही.