लिंबू सरबत

लिंबू सरबत : कागदी लिंबाचा रस, पाणी, साखर आणि मीठ एवढ्या चार जिनसांचे थंड पेय. मराठी घरांत उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे पाण्याच्या तांब्यानंतर हेच येते. चहाचे विचारतात ते मागाहून. ‘सरबत’ हा शब्द अरबी ‘शर्बत’वरून फारसीमार्गे मराठीत आला. मूळ धातूचा अर्थ ‘पिणे’. ‘शराब’ हा शब्दही त्याच धातूचा, म्हणजे सोवळे आणि ओवळे एकाच घरचे. उत्तर भारतातील शिकंजी ही सरबताची बहीण. तिच्यात काळे मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि पुदिना यांचा भर असतो. मराठी सरबत त्याहून साधे, आणि म्हणूनच बिघडायला सोपे. चूक झाकायला त्यात मसाला नसतो.

सरबतासाठी पातळ सालीचे कागदी लिंबू (सायट्रस ऑरँटिफोलिया, कुल रूटेसी) सर्वांत चांगले. साल कागदासारखी म्हणून ‘कागदी’. जनुकीय अभ्यासानुसार महाळुंग हा त्याच्या दोन जनकांपैकी एक आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काढलेल्या वाणाचे नावच ‘साई शरबती’ आहे. परभणीचे ‘विक्रम’ आणि ‘प्रमालिनी’ हेही महाराष्ट्रात परिचित वाण. लिंबू घेताना रंगापेक्षा वजन आणि साल पाहावी. पिवळसर, तुकतुकीत आणि आकाराच्या मानाने जड असेल ते रसाळ निघते. गडद हिरव्या, खडबडीत लिंबाला वास छान असतो, पण रस बेताचा.

उन्हाळ्यात लिंबू महाग का होते याचे उत्तर झाडाच्या बहारात आहे. कागदी लिंबाला वर्षातून तीन वेळा फुलोरा येऊ शकतो. जानेवारी-फेब्रुवारीच्या आंबे बहाराची फळे पावसाळ्याच्या तोंडाशी व पावसाळ्यात येतात, तर जून-जुलैच्या मृग बहाराची हिवाळ्याच्या सुरुवातीला. ऐन उन्हाळ्यात फळ हवे असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त बहार धरावा लागतो. बहार धरायचा म्हणजे आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, आणि हस्ताआधी पाऊसच चालू असल्याने हा ताण नीट बसत नाही. त्यामुळे हस्त बहाराचे फळ तिन्हींत सर्वांत कमी. लिंबे ढिगाने येतात तेव्हा सरबत कोणालाच नको असते, आणि घशाला कोरड पडते तेव्हा झाडावर फळ नसते. २०२२ च्या एप्रिलमध्ये किरकोळ बाजारात एकेक लिंबू दहा रुपयांना व त्याहूनही महाग विकले गेले. शहाणी घरे म्हणून पावसाळ्यातच रस काढून बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवतात.

कृती सांगण्याजोगी आहे का, असे कोणी विचारील. आहे, कारण सरबत फसते ते प्रमाणापेक्षा क्रमामुळे. चार पेल्यांना (सुमारे ८०० मिलि.) दोन मध्यम लिंबे, म्हणजे अंदाजे ४० मिलि. रस, ७० ते ८० ग्रॅम साखर आणि पाव चहाचा चमचा मीठ पुरते. प्रथम साध्या, गार न केलेल्या पाण्यात साखर व मीठ पूर्ण विरघळवावे, मग रस घालावा, आणि माठाचे पाणी किंवा बर्फ सर्वांत शेवटी. बर्फाच्या पाण्यात साखर सावकाश विरघळते. घाई केली की पहिला घोट आंबट आणि शेवटचा पाकासारखा लागतो. गारव्यात जिभेला गोडी कमी जाणवते, शिवाय बर्फ वितळून पाणी वाढते, म्हणून बर्फापूर्वी चव घेताना सरबत किंचित जास्त गोड लागायला हवे. मिठाचे काम खारटपणा आणण्याचे नाही. ते कडवटपणा दाबते आणि आंबट-गोडाची सांधेजोड करते. मीठ घातले हे कळले तर ते जास्त झाले.

सरबत कडू होण्याची कारणे दोन. सालीतील तेल आणि सालीखालचा पांढरा पापुद्रा रसात उतरला की लगेच कडसर चव येते, म्हणून शेवटचा थेंब निघेपर्यंत लिंबू पिरगाळू नये. दुसरे कारण लिमोनिन. बियांत व पापुद्र्यात याचे बिनकडू पूर्वरूप असते. ते रसात आले की आम्लामुळे हळूहळू कडू लिमोनिनमध्ये बदलते. सकाळी चांगले लागलेले सरबत दुपारी कडू का लागते त्याचे हे उत्तर. बिया गाळून काढाव्यात आणि केलेले सरबत तासाभरात संपवावे. कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात ते कळकते. स्टील, काच किंवा चिनी माती बरी. लिंबू कापण्यापूर्वी ओट्यावर तळव्याखाली दाबून फिरवले तर रस सहज सुटतो. अंगणात बसून लिंबे पिळणाऱ्यांनी नंतर हात धुवावेत: रसातील फ्युरॅनोकुमॅरिन ही द्रव्ये उन्हात त्वचेवर फोड व काळे डाग आणू शकतात.

सणासमारंभाच्या सरबतात वेलदोड्याची पूड व केशराच्या काड्या पडतात. आल्याचा रस घातलेले सरबत घशाला चांगले वाटते. वाळ्याची जुडी टाकलेल्या माठाचे पाणी वापरले तर आणखी काही घालू नये. सोडा-लिंबाची दुकानदारी गोटीच्या बाटलीने गाजवली. ही बाटली हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ मध्ये पेटंट घेऊन आणली. सोड्यात मीठ टाकताच फेस उसळतो, कारण मिठाच्या कणांवर वायूचे बुडबुडे चटकन धरतात. म्हणून मीठ तळाशी रसात विरघळवून घ्यावे आणि सोडा वरून ओतावा.

टिकाऊ पाकासाठी एक वाटी रसाला दोन वाट्या साखर घेऊन काचेच्या बरणीत, अधूनमधून हलवत, साखर विरेपर्यंत उन्हात ठेवतात. विस्तवावर उकळल्यास ताज्या लिंबाचा वास उडतो आणि क जीवनसत्त्वही घटते. बाजारी स्क्वॅशमध्ये भारतीय नियमांनुसार किमान २५ टक्के फळांचा रस लागतो. तयार पेयांत बहुतेक फळांचा रस किमान १० टक्के असावा लागतो, पण लिंबाला ५ टक्के पुरतात. वर दिलेल्या घरगुती प्रमाणात रस नेमका तेवढाच पडतो.

सरबत हे जलसंजीवनी नव्हे. घरगुती जलसंजीवनीत एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ असते. सरबतात साखर त्याच्या तिप्पट होते आणि इतकी साखर जुलाबात त्रास वाढवू शकते. उपोषणाशी मात्र या पेयाचे नाते जुने आहे. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये १९४३ च्या फेब्रुवारीत २१ दिवसांचे उपोषण आरंभताना गांधीजींनी पाणी पिववत नसल्याने त्यात लिंबूवर्गीय फळांचा रस मिसळणार असल्याचे व्हाइसरॉयला आधीच कळवले होते. आजही उपोषण सुटल्याच्या बातमीत नेत्याच्या हाती बहुधा सरबताचाच पेला असतो.

रस्त्यावरच्या सरबताचा दोष लिंबात नसतो. तो पाण्यात, बर्फात आणि विक्रेत्याच्या हातात असतो. कुर्ला स्थानकावर अस्वच्छ पद्धतीने सरबत बनवले जात असल्याची चित्रफीत पसरल्यानंतर २०१९ च्या मार्चमध्ये मध्य रेल्वेने आपल्या स्थानकांवर उघड्या लिंबू सरबताची विक्री बंद केली. खाण्यास अयोग्य बर्फ ओळखता यावा म्हणून महाराष्ट्रात त्यात निळा रंग घालण्याची सक्ती २०१८ मध्ये झाली आहे. गाड्यावरचा बर्फ निळसर दिसला तर सरबत घेऊ नये.