खंडेनवमी आणि कलाभवन

खंडेनवमीस आपण शस्त्रांची व अवजारांची पूजा करतो. त्याच नवरात्रात सरस्वतीचेही पूजन होते. हात आणि विद्या यांना असा एकत्र मान देणारी ही परंपरा आहे. व्यवहारात मात्र पोथी एका घरी आणि हातोडा दुसऱ्या घरी, ही वाटणी आपण शतकानुशतके जपली. ती मोडण्याचा एक मोठा प्रयत्न बडोद्यास झाला. त्याचे स्मरण आज उपयोगी पडेल.

१८६९ मध्ये तांबडा रंग देणारे अलिझरिन जर्मनीत कृत्रिमरीत्या तयार झाले. १८९७ मध्ये कृत्रिम नीळही बाजारात आली. इकडील शेतकरी व रंगारी यांचे पिढीजात ज्ञान परदेशच्या प्रयोगशाळेपुढे फिके पडू लागले. कसब गेले नव्हते. कसबामागचे शास्त्र आपल्या हाती नव्हते.

हे संकट ओळखणारे गृहस्थ म्हणजे सुरतेच्या सुतारकुळात जन्मलेले रसायनज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० मध्ये बडोद्यास कलाभवन स्थापन झाले आणि गज्जर त्याचे पहिले प्रमुख झाले. रंगकाम, यंत्रविद्या, वास्तुविद्या, चित्रकला हे विषय तेथे एका छत्राखाली आले. धंदेशिक्षण देशी भाषेतून मिळाले पाहिजे, असा गज्जरांचा आग्रह होता. जो कारागीर इंग्रजी जाणत नाही, त्याला शास्त्राचे दार बंद का असावे, हा त्यामागील प्रश्न होय.

महाराजांनी पायाकडेही दुर्लक्ष केले नाही. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू झाले आणि १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू झाले. तळाशी अक्षरओळख नसेल तर वरची तंत्रविद्या मूठभरांचीच राहते, हे त्यांनी जाणले होते.

फळ काय मिळाले? दादासाहेब फाळके कलाभवनात शिकले आणि १९१३ मध्ये त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट पडद्यावर आणला. गज्जर, कोटिभास्कर व अमीन यांच्या उद्योगातून १९०७ मध्ये अलेंबिक हा रसायनांचा कारखाना उभा राहिला. कलाभवनाने रंगाऱ्यांचा जुना धंदा परत आणला, असे म्हणता येणार नाही. परंतु नव्या धंद्यात आपल्या माणसांना पाऊल ठेवता आले. १९४९ पासून ही संस्था बडोदे विद्यापीठाचा भाग झाली.

आज संगणक आणि कृत्रिम बुद्धी यांच्या रूपाने तोच प्रसंग पुन्हा उभा आहे. ही साधने मुलांच्या हाती देणे सोपे आहे. ती चालतात कशी हे त्यांना त्यांच्या भाषेत समजावून देणे अवघड आहे. आपली देवस्थाने विद्यार्थ्यांस साहाय्य करतात, हे भूषणच होय. त्या साहाय्यातील काही भाग मराठी व कोंकणी शास्त्रीय पुस्तकांकडे आणि मंदिराच्या धर्मशाळेत एखादी लहान कार्यशाळा उघडण्याकडे वळविता येईल काय, याचा विचार विश्वस्त मंडळींनी अवश्य करावा. पूजलेले अवजार दसऱ्यानंतर मुलांनी उघडून पाहिले, तर देवतेचा अवमान होणार नाही. तीच पूजेची सांगता होय.